कुंकू लावलेली वायर

नेटवर्कचं काम करतो असं सांगितलं की लोक वायफायचा पासवर्ड विचारतात. लग्नात विचारतात, तेराव्यालाही विचारतात. माझी सासुरवाडी बिलोली तालुक्यातली. तिथं जावई आला की चहाच्या आधी कुणाचा तरी बंद पडलेला मोबाईल हातात येतो. माझं काम ते नव्हे, हे इतक्यांदा सांगून झालंय की आता सांगत नाही. माझं काम दारं बंद करण्याचं आहे. कुठल्या वायरीतून काय आत यावं, काय येऊ नये, एखादी वायर वेडी झाली तर तिला बाकीच्यांपासून कसं तोडायचं, हे ठरवण्याचं. सासरे एकदा म्हणाले, "म्हंजे वाचमनच की तुम्ही." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, वॉचमन बरा. तो निदान दाराशी उभा असतो, आत कोण अडकलंय ते त्याला दिसतं. मी दार बंद केलं तेव्हा मी लातूरला होतो.

नांदेडला आणि लातूरला एकाच मालकाची दोन परीक्षा केंद्रं आहेत. सरकारी भरतीच्या परीक्षा आता कॉम्प्युटरवर होतात. परीक्षा घेणारी कंपनी अशी केंद्रं भाड्यानं घेते, प्रश्न पाठवते, आपला एक निरीक्षक पाठवते आणि निघून जाते. मागं राहतात ते हॉल, खुर्च्या, जनरेटर आणि मी. राहायला मी नांदेडला. नोकरी दोन्हीकडे, त्यामुळे अहमदपूर-चाकूरच्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा ओळखीचा झालाय. नांदेडच्या केंद्रात माझा एक जोडीदार आहे, माझ्याहून लहान, कामाला चोख. आणि एक मामा आहेत. शिपाई म्हणून लागले, पण दार उघडण्यापासून पाणी भरण्यापर्यंत सगळं तेच करतात, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणतात.

केंद्राची रचना साधी आहे. एका बंद खोलीत मोठा स्विच. हॉलमधल्या प्रत्येक रांगेला एक छोटी डबी, टेबलाखाली ठेवलेली. मोठ्या स्विचमधून एक वायर त्या डबीत येते आणि डबीतून रांगेतल्या कॉम्प्युटरला वायरी जातात. मोठ्या स्विचला अक्कल आहे. डबीला नाही. तिच्या एका भोकातून जे आलं ते ती बाकी सगळ्या भोकांतून बाहेर टाकते, विचार करत नाही. आता एखाद्यानं एकाच वायरीची दोन्ही टोकं तिच्यातच खोचली, तर काय होईल? एका टोकातून गेलेला निरोप दुसऱ्या टोकातून आत येतो, डबी तो पुन्हा सगळ्यांना वाटते, तो पुन्हा परत येतो. याला आम्ही लूप म्हणतो. आमच्या गल्लीत एखाद्याच्या पोरीबद्दल उठलेली आवई निदान पंधरा दिवसांत थकते. ही थकत नाही. क्षणात इतकी वाढते की खऱ्या निरोपाला जायला जागाच उरत नाही, आणि मग एक रांगच नव्हे, सगळं केंद्र गुदमरतं.

लातूरला एकदा तसं झालं होतं. ऑफिसातल्या कुणीतरी प्रिंटरची जागा बदलताना वायर अशीच फिरवून खोचली आणि परीक्षा चालू असताना हॉलच्या हॉल आडवा झाला. पोरं रस्त्यावर आली. गेट वाजवलं, घोषणा दिल्या, पोलिसांची गाडी आली. मालकानं मला केबिनमध्ये उभं केलं. "इज्जतीचा पंचनामा झाला आपल्या. लोकं तोंडावर थुंकून राहिलेत." पण हेही सांगायला हवं, की त्या पोरांचं नुकसान झालं नाही. सगळं केंद्र बंद पडलं होतं, सगळ्या गावानं ते पाहिलं होतं. थोड्याच दिवसांत सगळ्यांची परीक्षा पुन्हा झाली. नुकसान झालं ते मालकाच्या अब्रूचं आणि माझ्या झोपेचं. तेव्हा मला यातलं पहिलंच महत्त्वाचं वाटलं होतं.

मग मी बंदोबस्त केला. मी कंधारचा. लहानपणी किल्ल्यात जाऊन आम्ही ओरडायचो आणि आपलाच आवाज परत आला की खूश व्हायचो. मोठ्या स्विचचं याच्या उलट असतं. तो प्रत्येक दारातून थोड्या थोड्या वेळानं आपली एक हाक बाहेर सोडतो. हाक गेली, परत आली नाही, तर सगळं ठीक. आपलीच हाक त्याच दारातून परत आली, तर बाहेर कुठंतरी वायर गोल फिरलीय असं समजायचं आणि ते दार लगेच बंद करायचं. त्या दारापलीकडचे जे कोण असतील ते तुटतात, बाकी सगळे वाचतात. ही सोय स्विचमध्ये असतेच, फक्त कुणीतरी ती चालू करावी लागते. मी दोन्ही केंद्रांत चालू केली. शिवाय मोठ्या स्विचची रिकामी दारं बंद केली, परका लॅपटॉप कुणी जोडला तर त्याला आत घेऊ नये अशी तजवीज केली. मालकाला म्हटलं, रांगेतल्या डब्याही बदला, अकलेच्या घ्या, म्हणजे लूप झाला तरी रांग तुटणार नाही, तेवढं एकच भोक बंद होईल. ते म्हणाले, "चालून राहिल्यात ना डब्या? मग राहू द्या की." तो विषय तिथं संपला.

आता माझ्या बायकोबद्दल. ती एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवते, तासावर. तास झाला तर पैसे, नाही तर नाही. लातूरला होस्टेलवर राहून शिकली. तिच्या वर्गातल्या अर्ध्या पोरी डॉक्टर झाल्या, ही राहिली. त्याची खंत तिनं कधी बोलून दाखवली नाही, पण सरकारी भरतीच्या परीक्षेचा ध्यास मात्र घेतला. आमचं लग्न झालं तेव्हाही ती अभ्यास करत होती, मुलगी पाळण्यात होती तेव्हाही करत होती. एक हात पाळण्याच्या दोरीला, एका हातात पुस्तक. कधी थोडक्यात गेलं, कधी भरतीच रद्द झाली. आमच्याकडे खंडेनवमीला मी माझी वायरीला टोक बसवायची पक्कड पूजेला ठेवतो. ती शेजारी पुस्तकांचा गठ्ठा ठेवायची. पुस्तकांची पूजा दसऱ्याला करायची असते, असं माझी आई सांगायची. ही म्हणायची, "आई, ही पुस्तकं न्हाईत, हे माझं हत्यार हाय." आई हसायची आणि पुस्तकांना हळदकुंकू लावायची.

गेल्या वर्षीची परीक्षा तिची शेवटची होती. वयाची अट. पुढच्या जाहिरातीला अर्जच करता येणार नव्हता. हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण भाकरी करतानासुद्धा ती ओठांत काहीतरी पाठ म्हणत असायची. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची. हॉल तिकीट आलं आणि केंद्र निघालं नांदेडचं, आमचंच.

मी तेव्हाच मालकाला सांगितलं, कंपनीलाही कळवलं. नातेवाईक परीक्षेला बसणार असेल तर माणसानं त्या केंद्रात थांबू नये हा नियम आहे आणि तो योग्य आहे. त्यांनी मला त्या दिवशी लातूरला राहायला सांगितलं. नांदेडच्या यंत्रणेला मी कुठूनही हात लावणार नाही असंही लिहून घेतलं. बायकोला याची मोठी गंमत वाटली. "बघा की, दुकान आपलं, गिऱ्हाईक घरचं, अन् मालक गावाला." मी म्हटलं, दुकान चोख लावून ठेवलंय, तू काळजी करू नकोस. हे मी खरंच म्हटलं होतं, आणि ते खरंही होतं.

खंडेनवमीच्या सकाळी दोन्ही केंद्रांत रंगीत तालीम झाली. मी लातूरची पाहिली, जोडीदारानं नांदेडची. तिकडं खिडकीकडच्या रांगेतला एक कॉम्प्युटर वारंवार बंद पडत होता, म्हणून त्यानं तो उचलून नेला आणि ती जागा रिकामी ठेवली. वायर तशीच राहिली. एक टोक टेबलाखालच्या डबीत, दुसरं जमिनीवर. यात चूक काहीच नाही, मीही असंच केलं असतं. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला की वायर लागणारच होती.

दुपारनंतर नांदेडच्या केंद्रात पूजा झाली. ती दरवर्षीच होते. मामा सगळा हॉल पुसून काढतात, डब्यांवरची धूळ झटकतात. जनरेटरला झेंडूचा हार, मोठ्या स्विचसमोर नारळ. मग ताटात हळदकुंकू घेऊन ते रांगारांगांतून फिरतात. प्रत्येक कॉम्प्युटरला बोट, प्रत्येक डबीला बोट. मामांचं म्हणणं असं, की एखादी वस्तू राहिली तर ती रुसते आणि ऐन कामाच्या दिवशी दगा देते. म्हणून ते खाली बसून वायरींच्या टोकांनाही बोट लावतात. त्या वर्षी परीक्षा दोन दिवसांवर, त्यामुळे त्यांनी जास्तच निगुतीनं केलं. जमिनीवर पडलेल्या त्या मोकळ्या टोकालाही त्यांनी हळदकुंकू लावलं. संध्याकाळी जोडीदारानं ग्रुपवर फोटो टाकला. मी हात जोडल्याची खूण पाठवली. घरी आमचीही पूजा झाली, माझी पक्कड आणि तिची पुस्तकं शेजारी शेजारी होती.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी लातूर गाठलं. निघताना ती उठून अंघोळ करून बसली होती. मी काही मोठं बोललो नाही. "पाणी जवळ ठेव," म्हटलं. ती म्हणाली, "पाणी आत नेऊ देत न्हाईत, तुम्हालाच माहीत." एवढंच.

लातूरला सगळं सुरळीत चाललं होतं. परीक्षा निम्म्यावर आली असेल, ऑफिसातला फोन वाजला. नांदेडहून जोडीदार. "खिडकीकडची एक रांग गेली. बाकी सगळे चालू हायेत. काय झालंय कळंना गेलंय. तुमी तिथून बघता का जरा?" मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेल्या निरीक्षकानं विचारलं, कुठून फोन आहे? मी सांगितलं. फोनमध्ये मी एवढंच बोलू शकलो, की टेबलाखाली डबीत बघ, वायर गोल फिरलीय का. निरीक्षकानं फोनवर हात ठेवला. "तुम्ही लिहून दिलंय. तुमचं माणूस आहे तिथं." माणूस चांगला होता, आवाजही चढवला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. तरी मला त्याचा राग आला, आणि आजही त्याचा चेहरा आठवला की येतो.

पुढचा सगळा वेळ मी खुर्चीत नुसता बसून होतो. परीक्षा संपल्यावर जोडीदाराचा पुन्हा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "लूपच होता की हो. रिकाम्या जागेची वायर कुणीतरी डबीत खोचली होती, दोन्ही टोकं एकातच. काढली, दार उघडलं, झालं चालू. पण तुमच्या सेटिंगनं वाचवलं बघा. न्हाईतर लातूरवानी सगळंच बसलं असतं. एकच रांग गेली, तिला तोवर उचलून पलीकडच्या हॉलात बसवलं होतं. मालक लई खूश हायेत." मला हुरूप आला, कबूल करायला हरकत नाही. आपण घातलेलं कुंपण खऱ्या दिवशी उपयोगी पडलं, असं नोकरीत कितीदा होतं? गाडीत खिडकीशी बसलो आणि चाकूर मागं पडेपर्यंत मी मनातल्या मनात बायकोला ही हकीकत सांगत होतो. तिला कळेल अशा शब्दांत, किल्ल्यातली हाक वगैरे घालून. लोह्याला गाडी थांबली तिथं मुलीसाठी पेढेही घेतले.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. सकाळच्याच साडीत. मुलगी समोर चित्र काढत होती. मी विचारलं, कसा गेला पेपर? ती म्हणाली, "आमची रांग बंद पडली."

पेढ्यांचा पुडा मी कुठं ठेवला ते आठवत नाही.

तिनं सगळं सांगितलं, पण तुकड्या-तुकड्यांत. गणिताचे प्रश्न चालू होते, तेच तिचे हक्काचे. अचानक पडदा गोठला आणि संपर्क तुटल्याची पाटी आली. रांगेतल्या सगळ्यांच्या पडद्यावर तेच. बाकीचा हॉल टकटक करत लिहीत होता. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, हात वर करून बसा, बोलू नका. मग बसून राहिल्या सगळ्या. बिलोलीकडची एक पोरगी रडायला लागली, तिलाही गप्प केलं. बऱ्याच वेळानं पलीकडच्या हॉलात नेलं, नवीन कॉम्प्युटर दिला. गेलेला वेळ परत मिळायला हवा होता. थोडा मिळाला, सगळा नाही. तिच्या डोक्यातून मात्र सगळंच उडालं होतं. "दोन आकड्यांची बेरीज जमंना गेली मला," ती म्हणाली. "पोरांना शिकवते मी रोज."

मी जमिनीकडे बघत ऐकत होतो. मग ती सहज म्हणाली, जणू याचा त्या गोष्टीशी काही संबंधच नाही, "अन् त्याच्या आधी माझ्या पायाला वायर लागायली होती. खाली बघितलं तर तिला कुंकू लावलेलं. पूजेतली वस्तू, अन् माझा पाय तिच्यावर. मला कसंतरीच झालं. नमस्कार केला, मामा पाणी घेऊन चालले होते त्यांना म्हणलं, मामा, उचला की ही, पाय लागून राहिलाय. बिचाऱ्यांनी लगेच उचलून जागेवर लावून दिली." तिनं डोळे पुसले. "तरी देवाला दया आली न्हाई."

दोन्ही टोकं एकातच, हे जोडीदाराचे शब्द मला आठवले. मी म्हटलं, तांत्रिक बिघाड होता, कुणाच्या हातात नव्हतं. त्या रात्री आम्ही जेवलो की नाही, तेही आता लक्षात नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेलो. मामा पायरीवरच बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुंकू होतं तिला, साहेब. म्हणलं, पूजेच्या वक्ताला डबीतूनच निघाली असंल. बिनकुंकवाची असती तर हात लावला नसता मी." त्यांच्या दृष्टीनं हे अगदी बराबर होतं. कुंकू ज्याला लागलं ते कामातलं, आणि कामातली वस्तू जमिनीवर पडलेली ठेवायची नसते. कुणी सांगितलं होतं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. ती माझी कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी त्यांना म्हटलं, मामा, जाऊ द्या. ते गेलं नाही, हे दोघांनाही कळत होतं.

मालकाला भेटलो. म्हटलं, त्या रांगेची परीक्षा पुन्हा घ्या असं तुम्ही कंपनीला लिहा. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, लातूरच्या वेळी दिली नव्हती. "आपलं सेंटर बंद पडलं होतं का?" मी म्हटलं, नाही. "मग? मी कामून लिहू की बंद पडलं होतं?" मी म्हटलं, एक रांग पडली होती. ते म्हणाले, "तिला दुसरीकडं बसवलं की. तुमच्यामुळंच तर वाचलो आपण. त्याचं बक्षीस मागा, हे काय मागून राहिलेत?" मग त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. माणूस वाईट नाही. त्यांच्या हिशेबात जे बसत नव्हतं ते त्यांना दिसत नव्हतं.

रांगेतल्या सगळ्यांनी मिळून कंपनीकडे तक्रार केली. तिकडून फोनवर एक शांत आवाज म्हणाला, "केंद्रातलं नेटवर्क परीक्षा संपेपर्यंत अखंड चालू होतं. तुमच्याच स्विचच्या नोंदी आहेत. संपूर्ण केंद्र बंद पडलं असतं तर पुनर्परीक्षेचा विचार करता आला असता." नोंदी खऱ्या होत्या. स्विच खोटं बोलत नाही. चाकूरकडच्या एका पोरीनं बायकोकडून माझा नंबर घेतला आणि बरेच दिवस फोन करत राहिली. "दादा, तुमी तिथंच कामाला हाव ना? काही होईल का?" मी म्हणायचो, बघतो. बघण्यासारखं काही नव्हतं. मग तिचा फोन यायचा थांबला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज वाटण्याइतपतही जीव माझ्यात उरला नव्हता.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं म्हणतात. माझा सगळा धंदा ओलं वाचवण्याचा. वाचवलं. हॉलभर पोरंपोरी लिहीत राहिली, त्यातली काही आज कुठल्या कुठल्या कार्यालयात खुर्चीवर बसली असतील, त्यांना माझं अस्तित्वही माहीत नाही आणि ते ठीकच आहे. पण मी ती हाक सोडण्याची सोय चालू केली नसती, तर त्या सकाळी सगळंच बसलं असतं. गेट वाजलं असतं, पोलिसांची गाडी आली असती, मालकानं मला पुन्हा उभं केलं असतं, कदाचित हाकललं असतं. आणि महिन्याभरात तिची परीक्षा पुन्हा झाली असती. अख्खं गाव बुडालं की होडी येते. एक घर बुडालं तर लोक विचारतात, तुम्ही तिथं बांधलंच कशाला? ही गोष्ट मी स्वतःला शंभर वेळा वेगवेगळ्या बाजूंनी सांगून पाहिली. कुठूनही सुरुवात केली तरी ती फिरून तिथंच येते. ती तोडायचं बटण माझ्याकडे नाही.

निकाल लागला तेव्हा तिनं स्वतः मोबाईलवर पाहिला, बंद केला आणि क्लासला निघून गेली. थोडक्यात गेलं होतं. संध्याकाळी परत येऊन तिनं मुलीचा गृहपाठ घेतला. रडली असती तर बरं झालं असतं. महिनाभरानं पुस्तकं दिसेनाशी झाली. शेजारच्या मुलीला दिली म्हणाली. कपाटाचा तो कप्पा आता रिकामा आहे, त्यात ती काहीच ठेवत नाही. मी त्यात एकदा माझ्या वायरी ठेवल्या, तर तिनं न बोलता त्या काढून दुसरीकडे ठेवल्या.

मी अजून तिथंच नोकरी करतो. दोन्ही केंद्रांत ती सोय अजून चालू आहे. बंद करावी असं कितीदा मनात आलं, अगदी बोट बटणावर नेऊन बसलो. पण बंद करून कुणाचं भलं होणार? पुढच्या लूपमध्ये अख्खं केंद्र बसेल, आणि हिची परीक्षा काही परत यायची नाही. मालकानं अजून डब्या बदललेल्या नाहीत. चालून राहिल्यात.

या वर्षी खंडेनवमीला मी पक्कड पुसून पाटावर ठेवली आणि शेजारी नेहमीची जागा सोडली. ती हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. मी विचारलं, काही ठेवायचंय का तुला? "माझं काय हाय ठेवायला?" ती म्हणाली, आणि सोडलेल्या जागेवर तिनं नारळ सरकवला. पक्कडीला कुंकू लावलं. मग कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या डबीला लावलं. तिची एक जास्तीची वायर खाली जमिनीवर लोंबत होती, तिच्याही टोकाला तिनं वाकून बोट लावलं. लावल्यावर ते टोक तसंच खाली सोडवेना तिला. तिनं ते उचललं, नीट गुंडाळलं आणि वर खिळ्याला अडकवलं.

"पायात नको यायला," ती म्हणाली. मग त्या वायरीकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी मामांना सांगून ती वायर उचलायला लावली बघा. तेवढं एकच काम त्या हॉलात माझ्या हातून नीट झालं."

मी मान हलवून "हाव" म्हटलं आणि नारळ फोडायला उठलो.